गाईच्या कातड्यातलं साळिंदर

मित्रांनो, मला पाहाल तर गाय म्हणाल. पण मी एक जुनं यांत्रिक साळिंदर आहे. नाव बस्टर. टोलिडो शहरातल्या एका पिझ्झाच्या हॉटेलात आम्हा यांत्रिक प्राण्यांचा वाद्यवृंद होता. नळ्यांतून हवा सुटली की माझे हात हलायचे आणि मी मागच्या स्टुलावर बसून ड्रम बडवायचो.

मधोमध उभी असायची क्लोव्हर गाय. वाढदिवसाचं गाणं तिच्या तोंडी, मुलांच्या मिठ्या तिला, दर वर्षी नव्या पापण्याही तिलाच. खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट व्हायचा. ताल मी धरायचा आणि टाळ्या हिने घ्यायच्या! जनेल नावाची एक लहानगी दर शनिवारी यायची. ती थेट माझ्यासमोरचं टेबल गाठायची आणि काट्याने माझ्याबरोबर ठेका धरायची. पण माझा सारा डोळा गाईवर.

पुढे व्हिडिओ गेम आले. मुलं पिझ्झा हातात घेऊन तिकडेच पळू लागली. आमचे सुटे भाग मिळेनासे झाले. एक दिवस क्लोव्हरची मान अडकली ती कायमचीच. आमची देखभाल करणारे व्हर्न माझ्यापाशी आले.

"बाबा रे, हाडं तुझी धड आहेत, पण लोकांना तोंड तिचं हवंय," ते म्हणाले.

त्यांनी माझं काटेरी कातडं उतरवलं, तिचं चढवलं आणि मला मधोमध उभं केलं. मनातल्या मनात म्हटलं, जिरली हिची एकदाची.

त्याच शनिवारी जनेलचा आठवा वाढदिवस होता. मी गाईच्या आवाजात तिच्यासाठी गाणं म्हटलं. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मिस्टर व्हर्न, बस्टर कुठंय?"

"सुट्टीवर गेलाय गं."

"मला न सांगता?"

"घाईत होता."

"मग त्याचा केक इथं ठेवते. आल्यावर द्या हं. त्या गाईला नका देऊ."

तिने माझ्या रिकाम्या स्टुलावर केकचा तुकडा ठेवला आणि स्टूल हलकेच थोपटलं. ओळखीचा ठेका धरावा म्हणून माझा जीव तळमळला. पण आम्हाला हलवणाऱ्या यंत्राच्या फितीवर आता माझ्यासाठी गाईचेच हातवारे होते. मी नव्या पापण्या मिचकावत राहिलो.

मित्रांनो, जुनं यंत्र जपा, त्याला तेलपाणी करा, पण त्याचं तोंड त्याचंच राहू द्या. माझी हेव्याची खोड मात्र अजून गेलेली नाही. आता मला त्या स्टुलाचा हेवा वाटतो.