काचेला न कळणारं बोट

तुम्ही माझ्या आईला जिन्यात पळायला लावलंत. दोन्ही गुडघे कामातून गेलेली बाई, कठडा धरून कण्हत चढणारी, ती त्या संध्याकाळी हातातली पिशवी टाकून पळत सुटली. याला कारण तुम्ही आहात. तुमचं नाव मला माहीत नाही. गाण्याच्या पेटीवर कंपनीची खूण आहे, माणसाचं नाव कुठेच नाही. पण कुठल्यातरी गार खोलीत, टेबलाभोवती बसून, तुमच्यातल्या कुणीतरी ठरवलं की त्या गोल बटणाची आता गरज उरली नाही. त्या कुणीतरीशी मला बोलायचं आहे. मध्ये बोलू नका.

आधी माझे बाबा कोण ते ऐका. ते गवंडी. सबंध आयुष्य भिंतींना गिलावा करण्यात गेलं. सिमेंटनं त्यांच्या बोटांची सालं किती वेळा गेली आणि आली याचा हिशोब नाही. आता जे आहे ते कातडं म्हणजे जुन्या चपलेचा तळ. कचेरीत अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्रानं त्यांच्यापुढे हात टेकले होते. तिथल्या बाईंनी दहाही बोटं लावून पाहिली, शेवटी वैतागून म्हणाल्या, "काका, तुम्हाला ठसेच नाहीत." बाबा म्हणाले, "आधी सांगितलं असतंत तर चोऱ्या केल्या असत्या, एवढ्या भिंती कशाला बांधत बसलो असतो?"

आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींच्या इस्त्रीवर आहे, अजून नोकरीत. घरात आम्ही तिला मुकादम म्हणतो. बाबा म्हणतात, बाहेरच्या मुकादमापासून सुटलो ते घरच्या मुकादमाच्या तावडीत सापडलो.

आणि या दोघांच्या बाहेरच्या खोलीत एक म्युझिक सिस्टीम आहे, जिच्यासाठी बाबा जीव टाकतात. ॲम्प्लिफायर जुना, दोघांनी मिळून उचलावा असा. स्पीकर त्याहून जुने. स्पीकर डुगडुगले तर आवाज भोंगळ होतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं, तर त्याखाली त्यांनी सिमेंटचे दोन ठोकळे स्वतः ओतले आणि घोटून घोटून असे गुळगुळीत केले की आई त्यात तोंड बघते. चाळिशीनंतर या माणसाला गाण्याचं वेड लागलं. गाण्यातलं कळतं काय, विचाराल तर म्हणतील, "काही नाही. बरं वाटतं."

बाबा निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी घरी एकटे असतात. आई बसमध्ये चढली की एकदा फोन वाजवून कापते. मग हे चहाचं आधण ठेवतात आणि गाणं लावतात. आवाज इतकाच, की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिच्या कानावर पडावा. तिथे ती थांबते, दम खाते, ऐकते आणि उरलेला जिना चढते. काय लावलंय त्यावरून तिला घरची खबर कळते. बासरी असली की दारातूनच विचारते, "काय फोडलंत?" कारण कपबशी फुटली, दूध उतू गेलं, तिची कुंडी कलंडली, की हा माणूस हमखास बासरी लावतो. तोंडानं "चुकलं" म्हणायची यांना सवय नाही. तिलाही त्यांनी म्हणावं असं वाटत नाही. तिला जिन्यात ते गाणं हवं असतं, बस.

मग सीडी प्लेअर गेला. कप्पा बाहेरच येईना. बाबा भाजीच्या सुरीनं तो उचकटायचे, शेवटी सुरी वाकली. आठवडाभर आई मुक्या घरात येत राहिली. तक्रार एका शब्दानं नाही, फोनवर मला फक्त म्हणाली, "तुझ्या बाबांना दुकानात घेऊन जा. घर ओस वाटतं."

मी नेलं. आता सीडीचं यंत्र कशाला, म्हटलं नेटवर्क प्लेअर घेऊ. म्हणजे इंटरनेटवरची किंवा छोट्या डिस्कवर भरून ठेवलेली गाणी ओढून ॲम्प्लिफायरला देणारी पेटी. त्यांच्या सगळ्या सीडी मी डिस्कवर उतरवून देणार होते. वाटेत बाबांनी एकच अट घातली. "मला एकट्याला लावता आलं पाहिजे. तू तिकडे, ती बसमध्ये. मी कुणाला हाक मारू?"

दुकानातला विक्रेता भला होता. इस्त्रीचा शर्ट, आवाज मऊ. त्यानं पहिली पेटी दाखवली. काळीभोर काच, मागून उजेड, एक खिळा नाही की एक भेग नाही. बाबा भिंतीकडे बघतात तसे तिच्याकडे तिरपे बघत राहिले. "काम साफ आहे," म्हणाले. मग बोट ठेवलं.

काही झालं नाही.

"हळू दाबा, काका."

"हळूच दाबतोय. जोरात दाबलं तर तुमची काच जाईल."

विक्रेत्यानं बोट टेकवलं, गाणं सुरू. बाबांनी टेकवलं, पेटी ढिम्म. त्यांनी बोट शर्टाला पुसलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं. मग नोटा मोजताना लावतात तशी अंगठ्याला थुंकी लावली आणि काचेवर टेकवला. लागलं! बाबांचा चेहरा उजळला. विक्रेत्यानं खिशातून कागदी रुमाल काढला आणि काच पुसून घेतली, हसत हसतच. मला त्याचा राग आला नाही. पण बाबांनी हात खिशात घातला तो पुढच्या पेटीपर्यंत बाहेर काढला नाही.

त्या पुढच्या पेटीला तर काहीच नव्हतं. साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत.

"हिचं बटण?"

"बटण नाही काका, सगळं मोबाईलवर."

बाबांनी आपला फोन काढून दाखवला. आकड्यांची बटणं असलेला, एका कोपऱ्याला सिमेंट वाळलेलं. विक्रेता म्हणाला, "हरकत नाही, हिच्याशी नुसतं बोलायचं. काय हवं ते सांगा, ती लावेल."

"माझं घरात कुणी ऐकत नाही, ही ऐकेल?"

"बोलून तर बघा!"

बाबांनी घसा साफ केला, सासऱ्यांपुढे उभं राहावं तसे उभे राहिले आणि म्हणाले, "बासरी लाव." पेटीनं गोड आवाजात पुन्हा सांगायला सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं. मग बाबाच ओशाळून म्हणाले, "राहू दे ताई, तुला उगाच त्रास." मी हसले, विक्रेताही हसला. पण मला बाबांचे कान लाल झालेले दिसत होते. जन्मभर ज्या हातांनी लोकांची घरं उभी केली, त्या हातांना एक गाणं लावता येत नव्हतं, आणि चूक जणू हातांचीच होती.

तिसरी पेटी कोपऱ्यात होती. मागच्या सालातली, कडेला ओरखडा असलेली. छोटासा पडदा आणि त्याच्या बाजूला एक गोल बटण, बाटलीच्या झाकणाएवढं, धातूचं, कडेला खाचा पाडलेलं. बाबांनी खिशातून हात काढला. बटण फिरवलं. टिक, टिक, टिक. प्रत्येक टिकसरशी पडद्यावरचं नाव पुढे सरकत होतं. दाबलं. गाणं लागलं.

"हा ऐकतो," बाबा म्हणाले. एवढंच.

विक्रेत्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की त्या काचेवाल्याचा आवाज याच्यापेक्षा चांगला आहे. एकच गाणं दोन्हींवर लावून दाखवलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि तेही प्रामाणिकपणे म्हणाले, "खरंय. त्याचा चांगला आहे. जास्त मोकळा. हा बटणवालाच बांधा."

आणि आता तुमचं सांगते. त्या खोक्यावर तुम्हीच छापलं होतं की सगळं काही एका बटणात. मी विक्रेत्याला विचारलंही, पुढेही चालेल ना? तो म्हणाला, का नाही चालणार? बरोबरच आहे. बटण आहे, ते कुठे पळून जाणार आहे? यंत्रातलं बटण जागच्या जागी ठेवून त्याचा जीव काढून घेता येतो, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

हिवाळाभर मजेत चाललं. बाबा त्या बटणाला कपड्यानं पुसायचे. आई म्हणायची, "इतकं माझ्याकडे लक्ष दिलं असतं तर..." बाबा म्हणायचे, "तुला फिरवलं तर तू ऐकतेस का?"

मग ती संध्याकाळ. आईचा फोन वाजला आणि कापला गेला. बाबांनी आधण ठेवलं, पेटी चालू केली. गाण्यांच्या यादीऐवजी पडद्यावर बारीक अक्षरांचा मजकूर. तुमचं अपडेट आलं होतं. तुमच्या नव्या अटी मान्य आहेत असं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. बाबांनी बटण फिरवलं, मजकूर सरकला. माणूस सरळ, त्यांनी तो वाचलासुद्धा. शेवटी चौकट आली, "मान्य आहे." त्यांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. अटींच्या पानावर तुम्ही बटणाला फिरण्यापुरतं ठेवलं होतं. मान्य करायला आता पडद्यावरच बोट लावायचं होतं. बाबांनी बोट लावलं. पुसून लावलं. थुंकी लावून लावलं. दुकानात चालली ती युक्तीही इथे चालेना. चहा उकळून उकळून काळा झाला. आई एव्हाना बसमधून उतरली असणार, हे त्यांना कळत होतं.

ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबली. दम खाल्ला. ऐकलं.

काहीच ऐकू येईना.

तिनं मला नंतर सांगितलं की पहिल्यांदा तिला वाटलं वीज गेली असेल. मग जिन्यातला दिवा तिच्या डोक्यावर जळताना दिसला. त्यानंतरचं तिला धड आठवत नाही. बटाट्यांची पिशवी तिथेच सुटली, बटाटे खालच्या मजल्यापर्यंत गडगडत गेले. किल्ली कुलपात जाईना. दार उघडलं तर घरभर जळक्या चहाचा वास, आणि बाहेरच्या खोलीत बाबा गुडघ्यांवर बसलेले, डोकं पेटीला टेकलेलं, जरासुद्धा हालचाल नाही.

"अहो!"

हे ओरडणं तळमजल्यावर ऐकू गेलं.

बाबा दचकून वळले. "अगं, हा नाकानंही ऐकत नाही!"

बोटं संपल्यावर माझे बाबा नाकाच्या शेंड्यानं तुमच्या अटी मान्य करत होते.

आईनं पर्स फेकून मारली. मग जमिनीवर बसली आणि रडायला लागली. बाबा तिच्याजवळ बसले आणि तिचे गुडघे चोळायला लागले. "मला वाटलं तुम्ही..." आई म्हणाली. "मी कुठे जातोय? चहा जळलाय, तो खाली उतरवायचाय अजून," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, सरकत पेटीपाशी गेली, तर्जनी टेकवली. लागलीच मान्य झालं.

"इतक्या वर्षांत," बाबा म्हणाले, "पहिल्यांदा तू काहीतरी मान्य केलंस."

त्यांनी बटण फिरवून दाबलं, बासरी सुरू झाली. ती सवयीनं म्हणाली, "काय फोडलंत?"

"अजून काही नाही. ही पेटी फोडणार होतो."

मी तुमच्या मदत केंद्राला फोन केला. तिथल्या मुलीचा काही दोष नाही, तिला जे लिहून दिलंय ते ती वाचत होती. तिनं सांगितलं की ते बटण फार कमी लोक वापरतात असं पाहणीत आढळलं आहे. फार कमी लोक! त्या फार कमी लोकांपैकी एकाच्या हातांनी केलेल्या गिलाव्याच्या खोलीत बसून तुम्ही ही पाहणी केली नसेल, याची खात्री द्याल मला?

त्यानंतर ते अटींचं पान पुन्हा आलं. आणि पुन्हा. तुम्हाला अटी बदलायची हौस फार. अशा दिवशी बाबा आता पेटीपाशी झटत बसत नाहीत. चहा झाकतात, दार उघडं टाकतात आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसून शिट्टी वाजवतात. बासरीचीच धून. सूर बाबांना आयुष्यात लागलेला नाही. शेजारी दारं लावून घेतात. खालून आई ओरडते, "कळलं, कळलं, जिवंत आहात! पुरे आता!" पण चढते हसत, आणि शेवटच्या पायऱ्यांना त्यांचा हात धरते. तोच हात, जो तुमच्या काचेला कळत नाही.

पण शिट्टी वाजवायला दम लागतो आणि बाबांचं वय वाढतंय. म्हणून विचारते. तुम्हाला नवीन काही बनवायचं नाही. बटण तिथेच आहे, बाबा ते रोज पुसतात. दाबलं की मान्य व्हायचं, तसं ते पुन्हा करून देणार की नाही? पाहणी सांगू नका. आभार मानू नका. हो की नाही, तेवढं सांगा.