पहिलंच राहू द्या

बेबीनंदाचं मंठ्यात कॉम्प्युटरचं दुकान होतं. टायपिंगचा क्लास, अर्ज, लग्नपत्रिका, सगळंच चालायचं. पण तिचा खरा जीव होता रामरावांच्या हॅचरीतल्या प्रोग्रामवर. परतूर रोडला रामरावांनी अंडी उबवून पिल्लं काढायचा धंदा टाकला होता. मशीनच्या आत उष्णता किती ठेवायची ते कॉम्प्युटरवरून ठरायचं. तो प्रोग्राम बेबीनंदानं स्वतः लिहिला होता, आणि त्यातल्या सेटिंगच्या एका खिडकीपायी तिनं जेवढं डोकं खाजवलं तेवढं औरंगाबादला डिप्लोमा करतानाही खाजवलं नव्हतं.

प्रश्न दिसायला साधा. माणसानं आकडा बदलला, 'लागू करा' दाबलं, मशीन तापू लागलं, आणि मग त्याला वाटलं की चुकलं. आता त्यानं 'रद्द' दाबलं तर काय व्हावं? बाहेरच्या बहुतेक प्रोग्राममध्ये खिडकी तेवढी मिटते आणि लागू झालेलं तसंच राहतं. बेबीनंदाला हे बिलकुल पटत नव्हतं. माणूस रद्द म्हणतो तेव्हा त्याला केलेलं रद्द हवं असतं, नुसत्या मिटलेल्या खिडकीचं त्याला काय लोणचं घालायचंय! शेवटी तिनं 'रद्द' काढूनच टाकलं आणि त्या जागी 'मागे घ्या' ठेवलं. दाबलं की आधीचा आकडा परत मशीनला लागू. स्वतःवरच खूश होऊन तिनं त्या दिवशी क्लासच्या पोरींना भजी खाऊ घातली.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात, भर दुपारी, हॅचरीतून नजीरचा फोन आला. नजीर म्हणजे तिथला ऑपरेटर, मशीन सांभाळणारा.

"ताई, जल्दी या. मालकानं एकशे दोन करून ठेवलंय."

मशीन साडेनव्व्याण्णव डिग्रीवर चालायचं. एकशे दोनवर अंडी राहिली तर आतली पिल्लं मरणार.

"अहो मग 'मागे घ्या' दाबा ना!"

"तेच तर सकाळपासून सांगून राह्यलो. मालक दाबत न्हाईत. पासवर्ड त्यायच्याकडं. मेन बंद करावं तर पंखाबी बंद पडतो, मंग आतल्या आत कोंडून मरतील." नजीरचा आवाज खाली आला. "पिल्लं गेली तर माझंच नाव येतंय ताई. माझ्या आधीच्याला असंच काढलं होतं."

बेबीनंदानं क्लास तसाच सोडला आणि लूनाला किक मारली.

रामराव कॉम्प्युटरपुढं खुर्चीत बसले होते. बाजूला पिल्लांचा व्यापारी कचरूशेठ चहा पीत होता. आग यानंच लावली होती. म्हणे दुसऱ्या हॅचरीत लोक जास्त उष्णता ठेवतात, पिल्लं एक दिवस आधी निघतात. रामराव इरेला पेटले, आपलं मशीन काय कमी हाय का म्हणाले, आणि सगळ्या गड्यांसमोर आकडा वाढवून बसले.

"काका, फार होतंय. मागं घ्या," बेबीनंदा म्हणाली.

"तूबी तेच!" रामराव उसळले. "सरपंचकीच्या टायमाला अख्खं गाव पाया पडलं, तरी म्या अर्ज मागं घेतला न्हाई. आपटलो, पर मागं न्हाई घेतला. आन् आता अंड्यापुढं मागं घेऊ व्हय?"

पण बोलता बोलता त्यांची नजर मशीनच्या उष्णतेच्या काट्याकडं जात होती. कपाळाला घाम होता, चहाचा कप भरलेलाच होता. म्हाताऱ्याला सगळं कळलंय, बेबीनंदाच्या ध्यानात आलं. कळून अडकलाय. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि पाठोपाठ स्वतःचाही. 'मागे घ्या' लिहिणारी शहाणी कोण? आपणच. इथं मागे काय घेतात? अर्ज, केस, दिलेला शब्द. ते घेताना मान खाली घालावी लागते, आणि ती चारचौघांत रामरावांना घालायला लावायची!

"काका, प्रोग्राममधलं माझं एक काम राहिलंय. जरा उठता?"

रामराव एवढ्या चटकन उठले की तिला हसूच येणार होतं. बटणांवरची नावं एका वेगळ्या फाईलमध्ये होती, ती तिनं उघडली. आता लिहायचं काय? माघार तर सगळेच घेतात, दिवसातून दहादा. चहा सांगतात आणि म्हणतात, राहू द्या. जायला निघतात आणि म्हणतात, बरं, राहू द्या. त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही. तिनं टाईप केलं, 'राहू द्या'.

आणि हात थांबला. काय राहू द्या? एकशे दोनच राहू द्या, असं वाचलं कुणी तर? मग आणखी वाट लागेल. तिनं त्याच्याआधी एक शब्द जोडला आणि प्रोग्राम बंद करून परत चालू केला. आधीचा आकडा प्रोग्रामनं जपून ठेवलेला होता. रामरावांनी पासवर्ड घातला, चष्मा सरकवला आणि मोठ्यानं वाचलं.

"पहिलंच राहू द्या." मग ते कचरूशेठकडं वळले. "जाऊ द्या हो शेठ, एका दिवसानं काय होतंय? आपलं पहिलंच राहू द्या."

आणि त्यांनी बटण दाबलं. नजीरनं डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं.

पण सकाळपासूनची उष्णता कुठं जाणार? आठवड्यानं पिल्लं निघायच्या दिवशी बेबीनंदा मुद्दाम गेली. खालच्या ट्रेमध्ये चिवचिवाट होता आणि वरचे ट्रे गप्प होते. पिल्लं न्यायला आलेल्या कचरूशेठनं तोंड वाकडं केलं.

"काय नजीरमियाँ, ड्यूटीवर झोपले होते का?"

नजीरनं कमरेची किल्ल्यांची जुडी सोडली आणि टेबलावर ठेवली. बेबीनंदाला राहवेना, ती बोलायला पुढं झाली. तेवढ्यात रामरावांनी वरच्या ट्रेमधलं एक अंडं उचलून फोडलं. आत अर्धवट वाढलेलं पिल्लू होतं, ओलं, मान मुरगळून पडलेलं. ते तळहातावर घेऊन रामराव गड्यांकडं वळले.

"त्यो झोपला नव्हता," ते म्हणाले. "म्या वाढवलं होतं. त्यो हात जोडून सांगत होता, मालक, मागं घ्या. म्याच न्हाई घेतलं. माझ्या हातानं मेलीत ही."

कचरूशेठ खाली बघू लागला. रामरावांनी किल्ल्या उचलल्या आणि नजीरच्या हातात दिल्या.

बेबीनंदाला आपल्या बटणाची लाज वाटली. तिनं म्हाताऱ्याला पळवाट काढून दिली होती, आणि आज तो कुणी न सांगता सगळ्यांसमोर उभा राहिला होता.

नजीरनं गमछा तोंडावर धरला आणि तो रडला, अगदी मोकळेपणानं. मग नाक पुसून म्हणाला, "मालक, खालची पिल्लं काढून घेतो. ऊन चढून राह्यलंय."