नाण्याएवढी ढील

गिऱ्हाईक कितीही मोठं असो, भाऊराव तोंडावर बोलायचे. "क्लच सरकायला लागला त्याच दिवशी गाडी आण. जळाल्यावर आणलीस तर मी काय करू, अगरबत्ती लावू?" भांडुपच्या टेंभीपाड्यात चाळीस वर्षं त्यांनी हे ऐकवलं आणि लोकांनी ऐकून घेतलं, कारण हाताला गुण होता. दोन वर्षांपूर्वी गॅरेज त्यांनी मुलीच्या, दीप्तीच्या, ताब्यात दिलं. स्वतःच्या अठ्ठ्याण्णव सालच्या मोटारसायकलला मात्र तिलाही हात लावू देत नसत. त्याच गाडीवरून ते रोज सकाळी बायकोला, नंदाला, मुलुंडच्या हॉस्पिटलात सोडत. नंदा तिथे आयाबाईचं काम करायची.

मंगळवारी नंदाला सुट्टी होती आणि दीप्तीची स्कूटर पंक्चर. तिने खिळ्यावरची किल्ली न विचारता उचलली. गॅरेजपुढच्या चढावर तिने मूठ पिळली तर इंजिन नुसतं बोंबललं, गाडी जागची हलेना. मागून टेम्पो आला, हॉर्न मारत तिला घासून गेला.  कालच आई या सीटवर बसून भरधाव गाड्यांच्या मधून मुलुंडपर्यंत गेली होती.

गाडी ढकलत तिने गॅरेजात आणली आणि पेटीतलं जुनं जाड रुपयाचं नाणं काढलं. क्लचच्या लिव्हरच्या बुडाशी नाण्याएवढी ढील हवीच, हा भाऊरावांचा पहिला धडा. चुकलं की बोटांवर पाना बसायचा. इथे नाणं सोडा, कागदही सरकत नव्हता. केबल ताणून ताणून बसवलेली, म्हणजे क्लच कायम थोडा दाबलेलाच.

"सुयोग, पप्पांच्या गाडीला हात लावलास तू?" ती कारागिरावर उखडली.

"वेडी आहेस का, ताई? त्यांच्या गाडीला हात लावायची कोणाची टाप आहे?"

तिने केबल सैल केली, ढील बरोबर ठेवली आणि पुन्हा चढावर नेली. तरी क्लच सरकतोच. मग ऑइल काढून क्लचचं कव्हर उघडलं. करपल्याचा वास आला. प्लेटा काळ्या पडलेल्या होत्या, पण तिची नजर अडली ती स्प्रिंगांवर. चारही बारीक, लहान गाडीच्या. असल्या स्प्रिंगा बसवल्या की लिव्हर लोण्यासारखा दबतो, आणि प्लेटा घट्ट धरल्या जात नाहीत. अडाण्याला हे सुचणार नाही. भाऊरावांनी आजवर एकदाच असं केलं होतं, एका म्हाताऱ्या पोस्टमनसाठी, ज्याच्या हातातला जोर गेला होता.

दीप्ती तिथेच लादीवर बसली. दिवाळीत पप्पांच्या हातून चहाचा कप पडला होता. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतानाही ते एकाच हाताने धडपडत होते, आणि ती हसली होती. त्या हसण्याची आता तिला लाज वाटली.

दुपारपर्यंत तिने नवीन प्लेटा आणि मूळ मापाच्या स्प्रिंगा बसवल्या. केबलला तेल सोडलं. मग भाऊराव आले. कव्हर पुन्हा बसवून, पुसून गाडी उभी होती, बाकड्यावर काळ्या प्लेटा आणि त्या चार बारीक स्प्रिंगा मांडलेल्या. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"ढील बघितलीस?"

"तुम्हीच बघा." तिने नाणं पुढे केलं.

डावखुऱ्या भाऊरावांनी सवयीने डावा हात पुढे केला. नाणं बोटांतून निसटून लादीवर घरंगळलं. ते त्यांनी उजव्या हाताने उचललं, ढील तपासली, मान हलवली. मग डाव्या हाताने लिव्हर धरला. तो अर्ध्यावरही आला नाही.

"केबल जड आहे. तेल सोड."

"सोडलंय, पप्पा."

सुयोग उठून बाहेर गेला.

"कधीपासून?" दीप्तीने विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. मुंग्या यायच्या. आता बोटं असल्यासारखीच वाटत नाहीत."

"आणि आईला मागे बसवून नेत होतात? क्लच जळतोय हे तुम्हाला कळत नव्हतं?" तिचा आवाज चढला. तिला रडू येत होतं आणि रागही.

"कळत होतं." ते खाली बघत म्हणाले. "गाडी सोडली की ती विचारणार, का सोडली. मग डॉक्टर. मेकॅनिकचा हात गेला म्हटल्यावर उरतं काय गं?"

तिला खूप बोलायचं होतं. तोंडून आलं ते त्यांचंच. "सरकायला लागला त्याच दिवशी आणायचं असतं ना, पप्पा?"

 भाऊरावांनी गाडीची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. "चल. डॉक्टर पाचला बसतो."

"रिक्षा बघते."

"रिक्षा नको. गाडी उचलते का बघायचंय मला."

ते आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर मागे बसले. पाय कुठे ठेवायचे तेही त्यांना सापडेना. उजव्या हाताने त्यांनी मागचा कॅरिअर धरला, डावा तिच्या खांद्यावर ठेवला. दीप्तीने चढावर मूठ पिळली आणि गाडी सरळ वर निघाली.

"चढली?" त्यांनी विचारलं.

"चढली, पप्पा."

आरशात त्यांचा हात तिच्या खांद्यावर दिसत होता. पकड मात्र तिला जाणवत नव्हती.