शुक्रवारचा तवा

सेवेरिनचा गुन्हा मोठा होता. गेल्या शुक्रवारी त्याने बसस्टँडवर सॉसेज खाल्लं आणि ते नेमकं याग्नाच्या आत्याने पाहिलं. शुक्रवारी, कॅथलिकांच्या उपासाच्या दिवशी, मांस, आणि तेही चारचौघांत! आईवडिलांच्या मागे याग्नाला या अपोलोनिया आत्यानेच वाढवलेलं. तिच्या होकाराशिवाय याग्ना सेवेरिनशी लग्नाला उभी राहणार नव्हती आणि तो होकार आता सॉसेजमध्ये अडकला होता.

म्हणून या शुक्रवारी सेवेरिन आत्याकडे नालेश्निकी ही पातळ धिरडी खायला, म्हणजे खरं तर निकाल ऐकायला आला. हातात फुलं, चेहऱ्यावर पश्चात्ताप. दोन्ही ताजी, वाटेतच घेतलेली.

"या, सॉसेजवाले!" आत्या म्हणाली. "आमच्याकडे आज साधंच हं. नालेश्निकांत गोड पनीर. भरेल ना पोट?"

"भरेल की, आत्या."

"नाही भरलं तर बसस्टँड आहेच."

पुण्य जोडावं म्हणून सेवेरिन बशा घेऊन स्वयंपाकघरात गेला. आत्या पातळ पीठ तव्यावर गोल फिरवत होती. धिरडी अशी तलम, की पलीकडची खिडकी दिसावी.

"आमच्या घरात शुक्रवारी मांसाचा वाससुद्धा येत नाही," असं म्हणत तिने काट्याला टोचलेला एक पांढरा तुकडा तव्यावर फिरवला. चर्र आवाज झाला. वासही आला.

"आत्या, हे काय?"

"डुकराची चरबी. तेलावर चिकटतात मेली."

"पण आज तर..."

आत्याचा हात थांबला. तव्यावरचं धिरडं काळं पडू लागलं.

"हे तव्यासाठी आहे," ती शेवटी म्हणाली. "तव्याला कसला आलाय उपास?"

सेवेरिनच्या जिभेवर चांगली सहा-सात उत्तरं आली. दारात याग्ना डोळे वटारून उभी होती. त्याने सगळी गिळली.

"खरंय. बिचारा दिवसभर राबतो."

आत्याने उलथनं उचललं. "त्या दिवशी तुम्ही कुठून येत होतात?"

"रात्रपाळीवरून."

"म्हणजे राबूनच."

"राबूनच, आत्या."

तिने करपलेलं धिरडं स्वतःच्या बशीत टाकलं, आणि सगळ्यांत देखणं होतं त्यात दुप्पट पनीर भरून त्याच्यापुढे सरकवलं.

"जूनमध्ये हॉल मिळतो का बघा," ती म्हणाली. "पण शनिवारचा. पाहुण्यांना सॉसेज लागतं."