टाकीच्या झाकणावरचं स्वस्तिक

"सर, पोरीनं किक मारली तर गाडी सुरू होते का? का गाडीला लाज वाटते?"

एवढं विचारून त्रिशला मटकन खाली बसली आणि दहावी 'ब'चा अख्खा वर्ग हसून फुटला. पैज होती भडंगाच्या पुड्याची. आयटीआयचे नागसेन सर दसऱ्याच्या सुट्टीआधी शाळेत माहिती सांगायला आले होते. हेडसरांनी मुलींना मागच्या बाकांवर बसवलं होतं, म्हणजे तुमच्या काही उपयोगाचं नाही, पण बसा. मग पैज लावणाऱ्या शालू आणि स्वप्नानं तिला दोन्हीकडून कोपरं मारमारून उभं केलं होतं.

नागसेन सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला.

"नाव काय तुझं?"

"त्रिशला धरणेंद्र मगदूम."

"त्रिशला, किक मारणारा पाय कुणाचा हे गाडीला कळत नाही. तिला तीनच गोष्टी कळतात. ठिणगी, पेट्रोल आणि हवा. तिन्ही पोचल्या की ती चालते. एक जरी अडली, तर तुमच्या हेडसरांनी किक मारली तरी चालत नाही."

आता हेडसर सोडून सगळे हसले.

"आणि एक. बंद पडलेल्या गाडीला लाथा घालायच्या आधी तिची चौकशी करायची. कधी बंद पडली, किती चालून पडली, आदल्या दिवशी तिला कुणी काय केलं होतं? डॉक्टर विचारतात तसं. फक्त हा पेशंट खोटं बोलत नाही."

भडंग मिळालं, पण त्रिशलाला त्याची चवसुद्धा कळली नाही. कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या वात्रटपणाला खरंखुरं उत्तर दिलं होतं. त्या दिवसापासून पोरगी जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागली. घरी अण्णांनी गाडीला किक मारली की ही उंबऱ्यातूनच ओरडायची, "ठिणगी, पेट्रोल, हवा!" आणि अण्णा म्हणायचे, "आन् तुझं त्वांड बंद. मग चालती."

गाडी म्हणजे अण्णांनी जुनी घेतलेली लाल रंगाची लहानशी मोटारसायकल. मागं पांढरा धूर, पुढं टीचभर दिवा, आणि टाकीवर किल्ली नसलेलं गोल झाकण.

खंडेनवमीला आई घरी नव्हती. चंदाआत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला कळा सुरू झाल्या म्हणून आई तिला घेऊन आदल्याच दिवशी सांगलीच्या दवाखान्यात गेली होती. त्यामुळं गाडीची पूजा त्रिशलाकडं आली. मग काय विचारता! गाडी घासून पुसून आरशासारखी केली, हँडलला झेंडूची माळ घातली. दरवर्षी आईनं काढलेलं स्वस्तिक दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं उडून जायचं, ते काही तिला पटत नव्हतं. तिनं डोकं चालवलं. पतंगाला लावतात तसली गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, तीत हळद-कुंकू कालवलं, आणि टाकीच्या झाकणावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. दाट, बोटभर रुंद.

"दिवाळीपतुर हलायचं न्हाई," ती म्हणाली.

"लय भारी," अण्णा म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी दहाच्या सुमाराला डेअरीतला दादासो सायकल तशीच टाकून अंगणात धावत आला. गावातला फोन डेअरीत होता.

"धरणेंद्र, सांगलीस्नं वैनींचा फोन हुता. चंदाला पोरगी झाली. पर रक्त थांबंना गड्या. बी निगेटिव्ह पायजे म्हणं, एकच बाटली हुती ती चढवली. आता न्हाई कुठं. तुझा आन् तिचा गट एकच हाय न्हवं? डॉक्टर म्हणत्यात, बारापतुर माणूस हजर करा."

अण्णांनी पायात चपला सरकवल्या. चंदाआत्या त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, त्यांनी तिला कडेवर घेऊन वाढवलेली.

"आन् त्रिशलालाबी आण म्हणाल्या," दादासो म्हणाला. "बाळाला धरायला कोण न्हाई."

पुढची एसटी साडेबाराला. गाडीला किक बसली, एका दणक्यात सुरू झाली, आणि दोघं निघाले. सांगली पंचवीस किलोमीटर. पाऊण तासाचं काम.

आष्टा मागं पडलं आणि गाडीनं दोन आचके दिले. फट्, फट्. बंद.

अण्णांनी पेट्रोलचा नळ रिझर्व्हला फिरवला. पंधरा किका मारल्या. प्लग काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, इंजिनाला टेकवून किक मारली. निळी ठिणगी टचकन उडाली. "ठिणगी हाय," त्रिशला पुटपुटली. अण्णांनी प्लग बसवला, मग पेट्रोल बघायला झाकण उघडलं. सोड्याच्या बाटलीसारखा सुस्स आवाज झाला. टाकी निम्मी भरलेली. झाकण लावलं, किक मारली, गाडी सुरू!

"प्लगात कचरा हुता," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज जरा सैल झाला.

पाच-सहा किलोमीटर गेली असेल नसेल, पुन्हा आचके. पुन्हा बंद.

आता अण्णांनी सरळ प्लगच काढला. पुसला, फुंकला, बसवला. किक. किक. किक. झेंडूच्या पाकळ्या रस्त्यावर गळत होत्या. एक जीप आली, टपावरसुद्धा माणसं. ड्रायव्हरनं हातानंच जागा नाही म्हणून सांगितलं. रस्त्यावर सणाची शांतता. बऱ्याच वेळानं गाडी धरली, जेमतेम किलोमीटरभर खोकत गेली आणि तुंग गावाच्या अलीकडं पुरती थांबली.

सव्वाअकरा झाले होते.

अण्णा आता किक मारत नव्हते, गाडीला लाथा घालत होते. एका लाथेला किकनं उलटा फटका दिला. घोट्यावर बसला. अण्णा "आई गं" म्हणून खाली बसले, आणि बसले ते उठेचनात. त्रिशलानं बापाला रडताना कधी बघितलं नव्हतं. ते तोंड झाकून रडत नव्हते, नुसते सांगलीच्या दिशेनं बघत होते आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं.

"चंदा वाट बघत असंल गं," ते म्हणाले. "दादा येतोय म्हणून पडली असंल."

सायकलीच्या कॅरियरला वैरणीची पेंडी बांधून एक म्हातारबा आले. पाय टेकवून थांबले.

"काय झालं पावनं?"

"बाबा, ह्या गाडीला काय झालंय मलाच कळंना. सांगली गाठायचीय. भन मरायला लागलीय माजी."

"सायकल घ्या माजी," म्हातारबा म्हणाले आणि खरंच खाली उतरले. पण अण्णांनी उभं राहून पाय टेकला आणि पुन्हा कळवळून खाली बसले. घोटा टम्म सुजला होता. त्या पायानं पायडल कसलं मारणार?

त्रिशलाला पळत सुटावंसं वाटलं, नुसतं सांगलीपर्यंत पळत. पण तिच्या अंगात बी निगेटिव्ह नव्हतं. तिचा गट आईचा. पळून ती काय नेणार होती?

तिनं डोळे मिटले. चौकशी करायची.

कधी बंद पडली? चालता चालता. किती चालून? आधी लांब गेली, मग जवळच. ठिणगी? आहे, डोळ्यांनी बघितलीय. हवा? घरून निघताना नीट चालत होती. मग पेट्रोल. टाकीत आहे, पण इंजिनात?

तिनं प्लग काढला. पाना दोनदा निसटला.

"ही पोर काय करती?" म्हातारबा म्हणाले. "रांगोळी काढती व्हय गाडीला?"

"अण्णा, एवढ्या किका मारल्या तरी प्लग कोरडा हाय. पेट्रोल खाली उतरंना."

"टाकी भरलीय की."

"भरलीय. पर पयल्यांदा कवा चालू झाली ते आठवा. तुमी झाकण उघडून बघितलं तवा. दुसऱ्यांदा उघडलं न्हाई, तर धरता धरंना."

ती झाकणाकडं वळली. फिरवलं. सुस्स. पण आवाज बाहेर येत नव्हता, आत जात होता. टाकीनं कितीतरी वेळ कोंडून धरलेला श्वास घेतला होता. पेट्रोल खाली जायचं तर वरून हवा आत यायला नको का? मग हवेला वाट कुठली? तिनं झाकण उलटंपालटं केलं. आतल्या बाजूला सुईएवढं भोक होतं. वरच्या बाजूला ते दिसत नव्हतं.

वरच्या बाजूला स्वस्तिक होतं. वाळून दगड झालेलं. बरोबर मधोमध, जिथं दोन रेघा एकमेकींना छेदतात, तिथं तिनं खळीचा जाड ठिपका दिला होता. शोभेला.

आदल्या दिवशी गाडीला कुणी काय केलं होतं?

सांगायलाच पाहिजे का? खरवडून टाकावं, चालू झाली म्हणावं, कुणाला कळतंय? अण्णा तिच्याकडं बघत होते.

"अण्णा, मी बुजवलंय हे भोक," ती म्हणाली. "पूजेला. खळ लावली मी."

मग तिनं ओढणीची टाचणी काढली आणि ठिपक्यात खुपसली. खळ तडकली. पुन्हा खुपसली, फुंकर मारली, आणि झाकणाच्या आतल्या बाजूनं वारा तिच्या बोटाला लागला. बसला प्लग, बसलं झाकण.

"तुमचा पाय न्हाई चालायचा," ती म्हणाली. "व्हा बाजूला."

पहिली किक फुकट. दुसरी फुकट. तिसऱ्या किकला तिनं अंगातलं सगळं बळ लावलं, ओठ दातात धरून. गाडी फट्फट् करून धूर ओकत उठली आणि म्हातारबा वैरणीसकट दोन पावलं मागं सरले.

अण्णा सुजलेल्या पायानं गाडीवर बसले. दिग्रज गेलं, कृष्णेचा पूल आला, गाडी एकदाही खोकली नाही. पाठीमागं बसलेली त्रिशला सबंध वाटेत एकच वाक्य मनात म्हणत होती: आत्या, मी बुजवलं, मीच उघडलं, तू थांब.

पोचले तेव्हा बाराला पाच मिनिटं कमी होती. अण्णांना आत घेतलं. आईनं दुपट्यात गुंडाळलेलं लालबुंद बाळ त्रिशलाच्या हातात दिलं आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. तीन वाजेपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. मग नर्स आली आणि म्हणाली, "थांबलं रक्त. पाणी मागतायत त्या."

आई तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

दिवस बुडायच्या आत जेवून घ्यावं म्हणून तिघं बाकावर बसली, तेव्हा आईनं विचारलं, "येवडा उशीर कशानं झाला वं?"

"प्लगात कचरा हुता," अण्णा म्हणाले. पोरीकडं न बघता.

"न्हाई आई," त्रिशला म्हणाली. "मी खळीचं स्वस्तिक काढलं, त्यानं टाकीची हवा अडली. माज्यामुळं आत्या गेली असती." तिचा आवाज फाटला. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, म्हणून तिनं तो सावरला. "मला म्हाईत नसताना मी गाडीला हात लावला. आता म्हाईत करून घेनार. दहावी झाली की मी आयटीआयला जानार, मोटार मेकॅनिकला. पोरी घेत्यात का न्हाई ते नागसेन सरांना सुट्टी संपल्यावर मी विचारते, आन् ह्या बारीला पैजेवर न्हाई. तुमी दोघं काय म्हणायचं ते म्हणा, पर फॉर्मवर सही अण्णांची लागंल. आन् पुढल्या खंडेनवमीला गाडीची पूजाबी मीच करनार. झाकण सोडून."