चॉकलेटात बुडवलेले डोळे

डोळे करायला काही मोठी अक्कल लागत नाही. पीनट बटरमध्ये पिठीसाखर आणि लोणी मळायचं, बोराएवढ्या गोळ्या वळायच्या, फ्रीजरमध्ये घट्ट करायच्या आणि दातकोरणीला टोचून पातळ चॉकलेटात बुडवायच्या. वरचा एक गोल तेवढा कोरडा ठेवायचा. ओहायोत ही मिठाई घरोघरी होते, पण हॅलोविनला, म्हणजे पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या संध्याकाळी, लॉर्ना तिच्यावर लाल साखरेच्या बारीक शिरा काढायची, मधोमध काळा ठिपका द्यायची, आणि मग ती गोळी अशी काही डोळे वटारायची की पोरं किंचाळत खायची. हात तेवढा स्थिर लागतो. यंदा तो स्थिर होता, कारण ड्वेन घरात नव्हता.

ड्वेन म्हणजे तिचा नवरा. माणूस म्हणायचं तर दोन पायांवर चालायचा, एवढंच. त्यानं तिची बरगडी मोडली तेव्हा लॉर्नानं दवाखान्यात सांगितलं, जिन्यावरून पडले. तिच्या घराला जिनाच नव्हता. उन्हाळ्यात तो टिलीवर, सहा वर्षांच्या पोटच्या पोरीवर, हात उगारायला लागला तेव्हा मात्र ती कोर्टात गेली, आणि कोर्टानं त्याला घराच्या आसपास फिरकायची मनाई केली. जाताना तो म्हणाला होता, पोरगी माझी आहे, मी नेणार, आणि एकदा नेली की तुला तिचं नखही दिसणार नाही. ड्वेन शंभर गोष्टी बोलायचा आणि विसरायचा, पण असलं काही विसरणाऱ्यातला तो नव्हता.

म्हणूनच मोठी बहीण ग्रेटा सकाळपासून फोनवर डोकं खात होती. आज व्हरांड्याचा दिवा लावू नकोस, दिवा बंद दिसला की कोणी दार वाजवत नाही, टिलीला घे आणि गुपचूप माझ्याकडे निघून ये.

"त्याच्या भीतीनं आज दिवा विझवला ना ग्रेटा," लॉर्ना म्हणाली, "तर परत लावायची हिंमत मला व्हायची नाही."

तिचंही खरंच होतं. पण तोंड झाकून आलेल्या माणसाला आपण हसत दार उघडतो अशी वर्षातली ही एकच संध्याकाळ, हे ग्रेटाला दिसत होतं आणि लॉर्नाला दिसत नव्हतं.

गॅसवर पाणी खळखळत होतं, त्यावर काचेच्या वाडग्यात चॉकलेट वितळत होतं. टिली मधमाशी झाली होती. पाठीला तारेचे पंख लावून ती ओट्यावर बसली होती आणि प्रत्येक डोळ्याला नावं ठेवत होती.

"मम्मा, हा चकणा झालाय."

"असू दे. तो मिस्टर प्रुइटना दे, त्यांना चष्म्याशिवाय कुठे काय दिसतंय."

टिली एवढी हसली की पंख भिंतीवर आपटले. ते हसू ऐकलं की लॉर्नाला वाटायचं, कोर्टकचेरी केली, बहिणीच्या शिव्या खाल्ल्या, सगळं वसूल झालं.

एरवी घरी केलेला खाऊ हल्ली कोणी पोरांना घेऊ देत नाही. कोणी त्यात काय घालेल, सांगता येतं का? दुकानातला बंद पुडा असेल तरच पोरांच्या झोळीत पडतो. लॉर्नाच्या डोळ्यांना मात्र सगळ्या गल्लीची सूट होती. सूट तिच्या व्हरांड्यालाही होती. दर वर्षी तिथे काहीतरी भयंकर नाटक चालायचं आणि लोक मुद्दाम ते बघायला थांबायचे. मागच्या वर्षी मिस्टर प्रुइट, म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेले शेजारी, करवत घेऊन तिच्या मागे धावले होते आणि ती साखरेच्या पाकातलं लाल रक्त ओकत पायऱ्यांवर मेली होती. दोन बायकांनी खरोखर डोळे मिटून घेतले होते. या वर्षी तिनं काही ठरवलं नव्हतं, पण गल्लीला ते कुठे माहीत?

सहाला, खाऊ मागायची वेळ झाली म्हणून, बंबवाल्यांचा भोंगा वाजला आणि पोरं सुटली. चेटकिणी आल्या, सांगाडे आले, एक भाऊ-बहीण मिळून घोडा होऊन आले. लॉर्ना दारात परात घेऊन उभी होती आणि टिली प्रत्येकाला एकच डोळा घ्यायची ताकीद देत होती. गर्दी जरा ओसरली तेवढ्यात एक बुजगावणं पायऱ्या चढून आलं. चांगलं सहा फुटी, डोक्यावर गोणपाट, त्याला दोन भोकं, बाह्यांतून पेंढा लोंबतोय.

"एवढा मोठा घोडा झालास तरी खाऊ मागायला येतोस होय?" लॉर्ना हसून म्हणाली आणि तिनं त्याच्या हातावर एक डोळा ठेवला.

बुजगावण्यानं मूठ मिटली. डोळा चिरडला आणि बोटांच्या फटींतून बाहेर आला. ती मूठ लॉर्नानं इतक्या वेळा इतक्या जवळून पाहिली होती की गोणपाटाची गरजच नव्हती. ती दार लोटणार तोच ते दार तिच्याच तोंडावर आलं. नाकाचं हाड कडकन मोडलेलं तिनं आधी ऐकलं, मग तिला ते कळलं.

"दिवा लावलास, बरं केलंस," ड्वेन आत येत म्हणाला. "चल टिली. गाडीत बस."

टिली मागे सरकली. लॉर्ना मध्ये आली. तिचे केस धरून त्यानं तिला स्वयंपाकघरापर्यंत फरफटत नेलं आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. फोनकडे तिचा हात गेला तर मेल्यानं वाडगा बाजूला सारून फोन उकळत्या पाण्यात टाकला. ती खाली पडली तेव्हा त्यानं बुटाची टाच तिच्या उजव्या हातावर ठेवली आणि सगळा भार दिला. बोटं मोडली. टिली त्याच्या पायाला चावली, तशी त्यानं तिला मांजराचं पिल्लू उचलावं तशी मानेला धरून उचलली.

पोरीचे पाय जमिनीवरून सुटलेले दिसले आणि लॉर्नाच्या डोक्यातली भीती कुठल्या कुठे गेली. उरला तो नुसता संताप. ती उठली आणि डाव्या हातानं वाडगा ओढून तिनं त्याच्या अंगावर फेकला. वितळलेलं चॉकलेट कोमटच असतं, त्यानं काय होणार? तो गोणपाटाआडून खदाखदा हसला. मग तिनं गॅसवरचं पातेलं उचललं आणि उकळतं पाणी त्याच्या मांडीवर ओतलं.

तो गुरासारखा ओरडला, पण पोरीला सोडलं नाही. उलट तिला खांद्यावर टाकली, लॉर्नाच्या पोटात एक लाथ घातली आणि लंगडत बाहेर पडला. कातडी सोलली तरी हट्ट सुटायचा नाही, असला तो माणूस.

बाहेर फाटकाशी पंधरावीस माणसं जमली होती. आतून आपटल्याचे, किंकाळ्यांचे आवाज आले म्हणजे लॉर्नाचा खेळ सुरू झाला, हे गल्लीला पाठ होतं. दार धाडकन उघडलं, चॉकलेटनं माखलेलं बुजगावणं लंगडत बाहेर आलं, त्याच्या खांद्यावर मधमाशी हातपाय झाडत "मम्मा, मम्मा" करून टाहो फोडत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर प्रुइटनी पुढे होऊन फाटक उघडून धरलं, वर कमरेत वाकून बुजगावण्याला सलामही ठोकला.

लॉर्ना भिंतीला धरून धरून व्हरांड्यात आली. डाव्या हातात बिडाचा तवा होता. नाकातोंडातून रक्त गळत होतं आणि एक डोळा सुजून मिटला होता.

"त्याला अडवा," ती ओरडली. "तो ड्वेन आहे. माझ्या पोरीला नेतोय तो."

लोक पोट धरून हसले. पलीकडच्या घरातली जोलीन तर शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, बघ, नवऱ्यावरचा राग काढायची काय नामी युक्ती काढली हिनं. या बायकांना लॉर्नाचं सगळं माहीत होतं, बरगडी माहीत होती, कोर्ट माहीत होतं, आणि तरी त्या हसल्या. त्यांना दोष तरी किती द्यायचा? दर वर्षी तिनेच त्यांना असं हसायला शिकवलं होतं. कोणीतरी तिचा व्हिडिओ काढायला लागलं.

गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी होती. ड्वेननं दार उघडलं आणि टिलीला आत कोंबायला लागला. पंख दारात अडकले. तारेचे ते पंख वाकले पण आत जाईनात, आणि तेवढ्यात लॉर्ना गर्दी फाडत तिथे पोचली. तिला वाट मिळाली ती सहज, कारण तिच्या अंगावरचं रक्त कपड्याला लागू नये म्हणून बायका हसत बाजूला झाल्या.

तिनं तवा दोन्ही हातांनी धरला. मोडक्या बोटांनी कसा धरला ते तिलाच माहीत. पहिला घाव त्याच्या पाठीत बसला, दुसरा कोपरावर. कोपर उलटं वळलं आणि टिली निसटून चाकापाशी पडली. ड्वेन वळला आणि त्यानं लॉर्नाचा गळा धरला. तिनं तवा खालून वर मारला. गोणपाटाच्या आत जबडा मोडला, तो गुडघ्यावर आला, मग आडवा झाला.

इथे थांबायला हवं होतं. पोरगी सुटली होती, माणूस पडला होता, त्याला उठायची ताकद नव्हती. पण इतक्या वर्षांचं सगळं लॉर्नाच्या हातात उतरलं होतं आणि ते हात आता तिचं ऐकत नव्हते. ती त्याच्या छातीवर बसली आणि मारत सुटली. खांद्यावर, बरगड्यांवर, तोंडावर. गोणपाटाची भोकं लाल झाली. तिच्या तोंडून शब्दही नीट येत नव्हते, नुसत्या शिव्या आणि थुंकी. भोवतीच्या लोकांना तर चेव आला होता.

"आणखी एक, लॉर्ना," कोणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ताल धरून म्हणायला लागले, आणखी एक, आणखी एक. ती प्रत्येक वेळी त्यांच्या मनासारखं करत होती.

त्या कल्लोळात टिलीचा आवाज आधी ऐकूच आला नाही.

"मी नाही काही केलं, मम्मा," टिली म्हणत होती. "मी शहाण्यासारखी वागेन. मला नको मारू."

लॉर्नानं मान वळवली. पोरगी चाकाला पाठ लावून उभी होती. हनुवटी छातीत घातलेली, दोन्ही कोपरं डोक्यावर, एक गुडघा पोटाशी घ्यायच्या बेतात. असं उभं राहिलं म्हणजे तोंड वाचतं आणि बरगडी वाचते. लॉर्ना स्वतः घरात अशीच उभी राहायची. पोरीला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिनं ते बघून बघून उचललं होतं.

तवा हातातून सुटला आणि रस्त्यावर खणकन पडला. मिस्टर प्रुइट हसत हसत पुढे आले, बुजगावण्याला हात देऊन उठवायला, कारण खेळ संपला की मेलेल्याला उठवतात. त्यांनी गोणपाट वर केलं. आतलं तोंड घरघरत होतं, दात ओठांतून बाहेर आले होते, एका डोळ्याचं काही राहिलं नव्हतं. मिस्टर प्रुइट तसेच ओणवे राहिले.

"जोलीन," ते म्हणाले, "पोलिसांना बोलाव. आणि ॲम्ब्युलन्स. हे खरं आहे."

मागच्या लोकांच्या टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला. मग आया आपापल्या पोरांचे डोळे झाकायला लागल्या. एका पोरानं झोळी तिथेच टाकली आणि रडायला सुरुवात केली.

लॉर्ना ड्वेनच्या अंगावरून उतरली आणि गुडघ्यांवर बसली. तिला सांगायचं होतं की झालं आता, तो पडलाय, आता कोणी तुला नेणार नाही. पण तोंडात रक्त साचलं होतं आणि शब्द फुटेना. तिनं दोन्ही हात पुढे केले, रिकामे, तळवे वर करून. त्यांना चॉकलेट लागलं होतं आणि रक्तही.

"ये ना, सोन्या," ती कशीबशी म्हणाली. "मी आहे ना. मम्मा आहे."

टिलीनं कोपरं जराशी खाली घेतली आणि त्या हातांकडे बघितलं. मग ती चाकाच्या कडेकडेनं सरकत गेली आणि मिस्टर प्रुइटच्या मागे लपून त्यांची पँट घट्ट धरून उभी राहिली. लॉर्ना हात पुढे करून तशीच बसून राहिली.