दाराबाहेरचे बूट

"साहेबांना म्हणावं, तोवर माझ्या चपला घाला. जरा ढगळ होतील, पण खाली येण्यापुरत्या चालतील."

लॉजचे मालक स्वतःच्या चपला हातात धरून अनवाणी उभे होते. बाईंनी दार फक्त चेहऱ्यापुरतं उघडलं होतं. दाराबाहेर रात्री ठेवलेला काळ्या बुटांचा जोड नव्हता.

"पलीकडच्या खोलीत तो रंगाच्या कंपनीचा विक्रेता उतरलाय ना, त्याचं काम दिसतंय," मालक म्हणाले. "पहाटे घाईत निघाला. इथला दिवा गेलाय. स्वतःचे सोडून साहेबांचेच पायात घातले असणार. संध्याकाळी येईल परत, पण साहेबांनी दिवसभर करायचं काय? बोलवा त्यांना, मला माफी मागायचीय."

"ते आंघोळीला गेलेत."

"असू दे, असू दे. सावकाश होऊ दे." मालकांनी चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणीच जिना उतरले.

बाईंनी दार लावलं. आंघोळीला कोणीही गेलं नव्हतं. टेबलावर चहाचे दोन कप होते. एक संपला होता, दुसऱ्यावर साय धरली होती.

बाई एका शिलाई मशीनच्या कंपनीत नोकरीला होत्या. मशीन विकणारे वेगळे, दुरुस्त करणारे वेगळे. विकून झाल्यावर ज्यांनी ते घेतलं त्या बायकांचा वर्ग घेऊन त्यांची भीती घालवायला बाईंना पाठवत. त्यामुळे आयुष्याचा बराच भाग त्यांनी परक्या गावांत, परक्या गाद्यांवर काढला होता. त्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. चादर आपली, उशीचा अभ्रा आपला, आतून लावायला कुलूपही आपलंच. खोलीत शिरलं की आधी खिडकी उघडून खाली काय आहे ते बघायचं. खुर्ची दाराला टेकवायची. आणि दाराबाहेर पुरुषाचे बूट ठेवायचे.

बुटांची कल्पना नवऱ्याची. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता आणि त्याला गाडी लागायची. बसच्या नुसत्या वासानं तो पांढराफटक पडायचा. पहिल्या दौऱ्याच्या वेळी बाईंनी "चला ना सोबतीला" म्हणून लकडा लावला, तेव्हा त्यानं पलंगाखालून आपले बूट काढून त्यांच्या पिशवीत घातले. "मला नको नेऊस, हे ने. मी बोलतो तेवढंच हेही बोलतात." ही थट्टा होती, पण बाईंनी ती शब्दशः घेतली. बायका घेतात.

बूट ठेवले की पुढचं ओघानं आलं. साहेब मागच्या गाडीनं येताहेत, साहेब झोपलेत, साहेबांना कमी साखरेचा. खोलीतून जरा आवाज बाहेर जावा म्हणून बाई मोठ्यानं बोलायच्या. "अहो, पंखा कमी करू का? अहो, ऐकलंत का, आज काय झालं?" साहेबांच्या वाटचा चहाही त्यांनाच प्यावा लागे आणि मग पित्त होई. नवऱ्यापायी बायकोला काय काय सोसावं लागतं! या लॉजचे मालक तर साहेबांचे भक्तच झाले होते. वर्षातून दोनतीनदा एखाददुसरी रात्र उतरणारा, कधी न दिसणारा, कधी तक्रार न करणारा असा गिऱ्हाईक त्यांना दुसरा मिळाला नव्हता. जिन्यात कोणी मोठ्यानं बोललं की ते ओरडायचे, "हळू! साहेब झोपलेत!"

दारावर पुन्हा टकटक झाली. मालकांच्या हातात आता विक्रेत्याचे बूट होते.

"हे घालून बघायला सांगा. झाले तर झाले."

"त्यांना बरं नाही हो," बाई म्हणाल्या. "झोपलेत."

"आत्ता तर आंघोळीला गेले होते!"

"आंघोळ केली आणि चक्कर आली."

एका खोट्याला दहा खोट्यांचे टेकू लावावे लागतात हे बाईंना माहीत होतं, पण हा टेकू चुकीच्या जागी लागला. मालकांचा चेहरा उतरला. "चक्कर? आणि तुम्ही एकट्या बसलात आत? ताई, काय हे!" ते बूट तिथंच टाकून धावत खाली गेले. बाई नको नको म्हणेपर्यंत ते रस्ता ओलांडतानाही खिडकीतून दिसले. समोरच दवाखाना होता.

बाईंना वर्गाला जायचं होतं. कुलूप लावून निघून जावं असं एकदा मनात आलं, पण चक्कर आलेल्या नवऱ्याला कोंडून कुठली बायको कामाला जाते? त्या पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. बोलायची सवय जाईना. "अहो, आता तुम्हीच सांगा काय करू," त्या म्हणाल्या. या वेळी मात्र हळू आवाजात.

डॉक्टर वर आले ते धापा टाकत. मागे मालक, त्यांच्या हातात डॉक्टरांची बॅग. बाईंनी खुर्ची बाजूला केली आणि दार सताड उघडलं. एवढ्या वर्षांत त्यांनी लॉजच्या खोलीचं दार असं कधी उघडलं नव्हतं.

डॉक्टरांनी पलंगाकडे पाहिलं. चादर एकाच बाजूला चुरगळली होती. मोरीचं दार उघडं होतं, आतली बादली कोरडी होती.

"पेशंट कुठंय?"

"नाही आहेत," बाई म्हणाल्या. मग मालकांकडे वळून म्हणाल्या, "दादा, ते इथं कधी आलेच नव्हते. आणि आता येणारही नाहीत. ते वारले. सहा वर्षं झाली."

हे वाक्य बाईंनी घरी, बँकेत, कचेरीत कितीदा उच्चारलं होतं. लॉजमध्ये पहिल्यांदाच. उच्चारल्यावर आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं. घरी नवऱ्याचं कपाट रिकामं झालं होतं, त्याची खुर्ची गॅलरीत गेली होती, नातवाला तो फोटोतच माहीत होता. दौऱ्यावर मात्र तो जिवंत होता. कमी साखरेचा चहा घेत होता, उशिरा उठत होता, त्याच्यासाठी लोक जिन्यात हळू बोलत होते. "आई, एकटीनं फिरणं पुरे झालं आता," असं सूनबाई म्हणाली की बाईंना हसू यायचं. एकटी कुठं फिरते मी!

डॉक्टर बाईंकडे वळले. "तुमचं बीपी बघू का?" त्यांनी विचारलं. बाई नको म्हणाल्या. डॉक्टरांनी मालकांच्या हातातून आपली बॅग घेतली आणि ते गेले.

मालक गेले नाहीत.

"म्हणजे आमचाच धाक होता म्हणायचा," ते म्हणाले.

"तसं नाही हो."

"तसंच आहे. इतकी वर्षं तुम्ही माझ्या लॉजमध्ये माझ्याच विरुद्ध पहारा ठेवलात. मी आपला साहेब, साहेब करत बसलो."

"दादा, खरं सांगू? सुरुवातीला होता धाक. तुमचाच नाही, सगळ्यांचा. बाईमाणसानं एकटं उतरायचं म्हणजे आधी भ्यायचं आणि मग माणसं ओळखायची. उलटं करून चालत नाही."

"ओळखलं नव्हतं अजून?"

"ओळखलं होतं."

"मग?"

बाईंनी साय धरलेला चहा मोरीत ओतला. मालकांनी दाराशी जोडून ठेवलेल्या आपल्या चपला पायात घातल्या आणि जिना उतरून गेले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवण्याइतके ते शहाणे नव्हते.

वर्गात त्या दिवशी बाईंना सुईत दोरा तीनदा ओवावा लागला. बायका हसल्या, बाईही हसल्या. दुपारी एका भित्र्या मुलीनं कापडाबरोबर स्वतःच्या बाहीचं टोकही शिवून टाकलं आणि "मशीन मला सोडत नाही" म्हणून ओरडली. सगळा वर्ग हसून लोटपोट झाला. बाईंच्या मनात आलं, हे आज ह्यांना सांगायला हवं. आणि दुसऱ्याच क्षणी आलं, कुठं सांगणार? त्या खोलीत आता कोणी नाही. त्यांनी कात्री घेतली आणि मुलीच्या बाहीचे टाके एकेक करून उसवत बसल्या. नवरा गेला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटत होतं. तेव्हा माणसं होती, धावपळ होती.

लॉजवर परतल्या तेव्हा मालक गल्ल्यावर नव्हते. बाई वर गेल्या, तोंड धुतलं, आणि पिशवी भरायला घेतली. रात्रीच्या गाडीनं निघून जावं आणि पुढच्या वेळेपासून दुसरं लॉज बघावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दार वाजलं. बाहेर मालक आणि मालकीणबाई होत्या. दोघंही कपडे बदलून आली होती. मालकांनी केस ओले करून बसवले होते.

"येऊ का?" मालकीणबाई म्हणाल्या. "आम्हाला आजच कळलं."

बाई बाजूला झाल्या. मालक खुर्चीच्या कडेवर बसले, मालकीणबाई पलंगावर बाईंच्या शेजारी. दोघं समाचाराला आली होती. सहा वर्षं उशिरा, पण सगळं जसं करायचं असतं तसंच.

"काय झालं होतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हृदयाचं. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत."

"त्रास नाही झाला म्हणजे."

"मुलगा म्हणतो, नाही झाला."

"तुम्ही नव्हतात जवळ?"

"मी दौऱ्यावर होते."

मालकीणबाईंनी बाईंचा हात हातात घेतला. मालक जमिनीकडे बघत होते. "आणि बूट?" त्यांनी विचारलं.

"माझ्याजवळ. तेव्हाही दाराबाहेरच ठेवलेले होते."

मालकांनी उघड्या दाराकडे पाहिलं. मग मालक म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर ते उंच होते. चष्मा, आणि जरा रागीट."

बाईंना एकदम हसू फुटलं. "रागीट? अहो, मांजर अंगावर झोपलं तर ते उठवत नसत. तसेच अवघडून बसून राहायचे. आणि उंच कसले! माझ्या कानापर्यंत यायचे." बोलता बोलता हसण्याचं रडणं कधी झालं ते बाईंना कळलं नाही. मालकीणबाईंनी पाठीवर हात फिरवला. मालक उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बाहेर काहीच नव्हतं तरी पाहत राहिले.

ती दोघं खाली गेल्यावर बाईंनी भरलेली पिशवी तशीच कोपऱ्यात सरकवली. रात्रीची गाडी राहू दे, असं त्यांना वाटलं.

दिवे लागायच्या सुमाराला रंगाचा विक्रेता आला. घामाघूम, दमलेला, पायात रबरी स्लीपर, हातात नुकतेच काढलेले काळे बूट. टाचांना माती, पुढं कसल्यातरी चुन्याचे शिंतोडे. बाई दर आठवड्याला न चुकता ज्यांना पॉलिश करायच्या, ते हे बूट वाटत नव्हते.

"माफ करा हं," तो म्हणाला. "अंधारात कळलंच नाही. सकाळी वाटलं, पायच सुजलेत माझे. मालकांनी सांगितलं खाली, साहेब... मला माहीत नव्हतं."

"असू दे," बाई म्हणाल्या. "कुठं कुठं गेलात?"

"कोण, मी?"

"आज. हे घालून."

त्याला प्रश्नाचा रोख कळला नाही, पण दारात उभ्या असलेल्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून तो सांगू लागला. आधी बसनं गावाबाहेरच्या नव्या इमारतींकडे. तिथं चुना उडाला. मग बाजारपेठेत दुकानोदुकानी. दुपारी तळ्यावर, सावली चांगली आहे म्हणून. मग चढावरची शाळा, तिथं रंगकाम निघालंय. तिथून गाव सगळं दिसतं, आगगाडीसुद्धा दिसते.

"आगगाडी दिसली?"

"दिसली ना. पूल ओलांडत होती."

"मग पुलावर गेलात?"

"अर्ध्यापर्यंत गेलो. पुढं चालवेना." विक्रेता ओशाळून हसला. "बूट घट्ट होतात हो मला."

"होणारच," बाई म्हणाल्या. "त्यांचा पाय लहान होता."

त्यांनी हात पुढं करून बूट घेतले. आत अजून परक्या पायांची ऊब होती.